वळलेला दात आणि त्याची राखण

आसेगावाहून वाशीम वा अकोल्यास जाऊन मुलांच्या दातांना तारा बसवून घेणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: तार झडपेखाली धरून ठेवणारे ते नवे ब्रॅकेट लावले, तर आडवा फिरलेला दात लवकर सरळ होईल काय? दात सरळ होईल, हे निःशंकपणे सांगतो. परंतु माझी चिंता सरळ झालेल्या दाताविषयी आहे.

झडपेची ही युक्ती तशी नवी नव्हे, न्यूयॉर्कच्या डॉ. स्टोल्झेनबर्ग यांनी १९३५ सालीच तिचा एक प्रकार पुढे मांडला होता. साध्या ब्रॅकेटच्या खाचेत तार रबरी कडीने बांधतात, आणि लाळेत भिजून कडी सैलावली की, फिरलेल्या दाताच्या ज्या कडेला तार खाचेच्या तळाशी हवी, नेमकी तेथूनच ती उचलली जाते. झडपेचा अंमल ढिला पडत नाही. निकेल-टायटॅनियमची तार मूळ आकाराकडे परतताना दाताची एक कड बाहेर ओढते, दुसरी आत रेटते, आणि दात जागच्या जागी वळतो. मात्र बारीक तारेला खाचेत मोकळीक राहते, म्हणून अखेरचा वळसा चौकोनी तारेवाचून निघत नाही. शिवाय झडपेमुळे दात अधिक वेगाने वळतो, हे तौलनिक चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

आता मूळ मुद्दा: सरळ झालेला दात पुन्हा का फिरतो? चारी बाजूंनी चऱ्हाटे बांधलेला खुंटा जागीच फिरवला, तर बुडाची माती काही काळाने दबून बसते, पण चऱ्हाटांतला ताण तसाच राहतो, आणि हात सोडताच खुंटा मागे फिरतो. हाड ही माती. हिरडीतले तंतू ही चऱ्हाटे. नॉर्वेचे दंतसंशोधक रायटन यांनी कुत्र्यांचे दात वळवून धरून ठेवले, तेव्हा २३२ दिवसांनंतरही हे तंतू ताणलेलेच असल्याचे त्यांनी १९५९ मध्ये नमूद केले. ब्रॅकेट कोणतेही असो, ते काढल्यावर चऱ्हाटांवर त्याचा हुकूम चालत नाही!

आणि आपण काय करतो? तारा निघाल्या की प्रकरण निकालात निघाले असे समजतो, आणि दात जागी धरून ठेवणारी क्लिप दप्तराच्या तळाशी पडून राहते. पुन्हा सांगतो, दात वळला म्हणजे उपचार संपला नव्हे. तारा काढण्यापूर्वीच डॉक्टरांना राखणीची तजवीज विचारा: क्लिप दिवसा किती महिने, रात्री किती वर्षे, की दातांच्या मागे बारीक तार चिकटवूनच ठेवायची? फार फिरलेल्या दाताभोवतीची चऱ्हाटेच छेदण्याची एक लहान शस्त्रक्रियाही दंतवैद्य एडवर्ड्स यांनी १९७० मध्ये वर्णिली आहे. मात्र ती केली म्हणून क्लिप सुटत नाही.