चार ओहमचा धडा

शाळेत सव्वीस वर्षं मी मुलांना ओहमचा नियम शिकवला. फळ्यावर सूत्र लिहिलं, गणितं सोडवून घेतली. पण तो नियम खऱ्या अर्थानं मला कळला निवृत्तीनंतर, पुतण्याच्या गाडीच्या डिकीत!

पुतण्यानं हौसेनं दोन सबवूफर आणले होते. "काका, कसे जोडू?" असं त्यानं विचारलं. मी रुबाबात सांगितलं, "घरातले दिवे जोडतात तसे. समांतर." आवाज असा दणकून आला की शेजारी बाहेर आले. अर्ध्या तासात अँप्लिफायरला हात लावता येईना, जळका वास आला आणि सगळं गप्प झालं. त्याची सहा महिन्यांची शिल्लक त्यात होती. तो मला एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रात्री मी माहितीपत्रक उघडलं. दोन्ही चॅनेल एकत्र वापरायचे तर किमान ४ ओहमचा भार हवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आमचे दोन्ही सबवूफर ४ ओहमचे. समांतर जोडले की प्रवाहाला दोन वाटा मिळतात. एकूण रोध २ ओहम होतो आणि तेवढ्याच दाबाला प्रवाह दुप्पट. घराला वीज देणाऱ्या तारेला एक दिवा जास्त झाला तरी फरक पडत नाही. या छोट्या यंत्राला पडतो. एकसर जोडणीत ४ आणि ४ मिळून ८ ओहम झाले असते. आवाज जरा कमी, पण यंत्र शाबूत.

नवा अँप्लिफायर आला, निम्मे पैसे मी दिले. या वेळी आधी मल्टिमीटर लावला. "काका, हा तर ३.६ दाखवतोय. खराब आहे का?" नाही. मीटर फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजतो. गाणं वाजताना प्रवाह सतत उलटसुलट होतो, तेव्हाचा विरोध वेगळा असतो आणि सुरांबरोबर बदलतो. ४ हा आकडा ढोबळ असतो.

मग तारेकडे वळलो. १२ व्होल्टवर ६०० वॅट ओढायचे म्हणजे ५० अँपिअर. तारेचा रोध ०.०२ ओहम असला तरी १ व्होल्ट वाटेतच जातो आणि तार तापते. म्हणून तार जाड हवी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून आपण गाफील राहतो. पण तीच तार सोलून पत्र्याला टेकली, तर गाडी पेटू शकते.

गेऑर्ग ओहमही शाळामास्तरच होता. १८२७ साली त्यानं आपला नियम पुस्तकात मांडला, तो हातानं तारा जोडून, मोजून. मी मात्र मोजायच्या आधीच सांगून मोकळा झालो होतो. आता पुतण्या काही विचारतो, तेव्हा मी आधी म्हणतो, "मीटर आण."