फॉर्म्युला ४ परत आली, पण किती वर्षांसाठी?

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका, मग पुढचं ऐका.

आजचा विषय रेसिंग. पण फॉर्म्युला १ नाही. त्यावर बोलणारे चॅनेल भरपूर आहेत, आणि रविवारी रेस संपली की आपल्या सगळ्या ग्रुपवर तज्ज्ञ तयार होतातच. आज मी चार मजले खाली उतरणार आहे. फॉर्म्युला १ च्या खाली फॉर्म्युला २, त्याखाली फॉर्म्युला ३, मग फॉर्म्युला रिजनल, आणि तळमजल्यावर फॉर्म्युला ४. कार्टिंगमधून आलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर पहिल्यांदा खऱ्या रेसिंग कारमध्ये बसतं, ते इथे. उघडी चाकं, एकच सीट, आणि डोक्याभोवती हेलोचं कडं.

भारतात ही फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिप २०२३ मध्ये सुरू झाली. मी तिला 'पुन्हा सुरू झालेली' म्हणतो. कारण ज्युनिअर रेसिंगची शिडी उभी करायचा आपला हा पहिला प्रयत्न नाही. प्रत्येक वेळी शिडी उभी राहते, दोन-चार पोरं चढतात, आणि मग मधली पायरी गायब होते. आज याच गायब होणाऱ्या पायरीबद्दल बोलायचंय.

हा विषय माझ्या डोक्यात का आला, ते सांगतो. मी डोंबिवलीचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये होतो. विद्यार्थी स्वतः छोटी रेसिंग कार बनवतात आणि कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' नावाच्या स्पर्धेत उतरवतात, ते. त्यामुळे ओळखीतल्या कुणाच्याही घरी गाड्यांचा विषय निघाला की फोन मला येतो. परवा कल्याणच्या एका काकांचा आला. मुलगा बारा वर्षांचा, कार्टिंग करतो, आणि चांगला करतो. काका म्हणाले, "अरे, पंधराव्या वर्षी फॉर्म्युला ४ मध्ये घालायचा म्हणतोय. आता ती भारतातच आहे ना? फ्लॅटवर टॉप-अप लोन काढू का, सांग."

बघा, प्रश्न गाडीचा नाहीये, घराचा आहे. म्हणून उत्तर द्यायच्या आधी मी थोडा इतिहास बघितला. तोच तुम्हाला सांगतो.

आपल्याकडे सिंगल सीटर गाड्या सामान्य रेसरच्या आवाक्यात आणल्या त्या कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी. १९८८ च्या सुमारास त्यांनी मारुतीचं इंजिन बसवून छोटी रेसिंग कार बनवली. तीच फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक, म्हणजे भारताचे फॉर्म्युला १ पर्यंत पोहोचलेले दोघंही, त्याच गाडीतून सुरुवात केलेले. नारायण २००५ मध्ये जॉर्डन टीमकडून फॉर्म्युला १ मध्ये उतरला, करुण २०१० मध्ये. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. 'कारी' मोटर स्पीडवे हे नाव त्यांचंच.

म्हणजे पहिली पायरी देशी होती, स्वस्त होती, आणि तिने दोन फॉर्म्युला १ ड्रायव्हर दिले. पण त्यानंतरची पायरी इथे नव्हती. नारायणला फॉर्म्युला एशिया खेळायला बाहेर जावं लागलं, पुढे ब्रिटनला. ज्याला बाहेर जाणं परवडलं, तो गेला. ज्याला नाही, तो इथेच राहिला.

मग २०१२ मध्ये एमआरएफ चॅलेंज आली. फॉर्म्युला २००० गाड्या, चांगला दर्जा. यात कोण खेळून गेलं, बघा. २०१७-१८ चा विजेता फेलिपे द्रुगोविच, जो २०२२ मध्ये फॉर्म्युला २ चा चॅम्पियन झाला. २०१८-१९ ची विजेती जेमी चॅडविक, तिने चेन्नईत किताब नक्की केला आणि त्याच वर्षी युरोपात डब्ल्यू सिरीज जिंकली. मिक शूमाकरही इथे खेळून गेला. युरोपात हिवाळ्यात ट्रॅक गार पडतात, तेव्हा ही पोरं इथे येऊन किलोमीटर जमवायची. सिरीज आपली, टायर आपले, पण चॅम्पियनांच्या यादीत भारतीय नाव नाही. २०१९-२० नंतर तीही थांबली.

आणि आपली पोरं? मुंबईचा जेहान दारूवाला घ्या. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' या शोधमोहिमेत निवडला गेला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यानंतर युरोपच. २०१९ मध्ये फॉर्म्युला ३ मध्ये तिसरा आला, २०२० मध्ये बहारीनच्या साखीरला फॉर्म्युला २ ची रेस जिंकला. बंगळुरूच्या कुश मैनीने २०१६ मध्ये फॉर्म्युला ४ खेळली ती इटलीत, आणि २०२५ मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला २ ची स्प्रिंट रेस जिंकली. दोघंही जबरदस्त. पण त्यांच्या वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी भारतात एफआयएच्या दर्जाची फॉर्म्युला ४ नव्हतीच. युरोपात एक सीझन म्हणजे कोटींचा हिशेब. तिथे आपल्या काकांचं टॉप-अप लोन म्हणजे टायरचं बिल.

आता या 'एफआयएचा दर्जा' प्रकरणाचा नेमका अर्थ समजून घेऊ, कारण इथे पालकांचा गोंधळ होतो. आपल्याकडे एलजीबी फॉर्म्युला ४ नावाची देशी स्पर्धा बरीच वर्षं आहे. चांगली आहे, शिकायला उत्तम आहे. पण ती वेगळी. एफआयएची फॉर्म्युला ४ ही २०१४ मध्ये इटलीपासून सुरू झालेली योजना. प्रत्येक देशाच्या सिरीजमध्ये सगळ्यांना सारखी गाडी. भारतात मिगाल या फ्रेंच कंपनीची गाडी आणि अल्पिनचं टर्बो इंजिन आहे. फॉर्म्युला १ ला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी तीन सीझनमध्ये ४० गुण जमवावे लागतात, आणि पूर्ण दर्जाच्या फॉर्म्युला ४ च्या चॅम्पियनला त्यातले १२ मिळतात. थोडक्यात, इथलं प्रमाणपत्र बाहेर चालतं.

सगळ्यांची गाडी सारखी असण्याचा दुसरा फायदा माझ्या धंद्यातला आहे: डेटा. गाडीतले सेन्सर ब्रेक कधी दाबला, किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, सगळं नोंदवतात. दोन ड्रायव्हरचे आलेख एकावर एक ठेवले की कळतं, तुमचं पोर तिसऱ्या वळणावर दहा मीटर आधी ब्रेक मारतंय. गाडीला दोष द्यायची सोय उरत नाही.

मग २०२३ ची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, हैदराबादच्या रस्त्यांवर इंडियन रेसिंग लीग झाली. सहा टीम होत्या: दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, गोवा, कोची. मुंबई नाही, पुणे नाही. फॉर्म्युला ४ ला २०२३ उजाडलं. ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर झाली. चेन्नई शहरातली रात्रीची स्ट्रीट रेस त्या डिसेंबरमध्ये होणार होती, मिचाँग चक्रीवादळाने ती पुढे गेली आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर झाली. पहिला चॅम्पियन ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, दुसरा दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई.

परदेशी पोरं जिंकली याचं मला वाईट वाटत नाही. उलट तगडे प्रतिस्पर्धी घरी चालून आले, विमानाचं तिकीट वाचलं. माझी काळजी वेगळी आहे. फॉर्म्युला ई हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदाच झाली. मोटोजीपी बुद्ध सर्किटवर २०२३ मध्ये एकदाच. फॉर्म्युला १ तीन वर्षं, २०११ ते २०१३, मग करांच्या भांडणात गेली. मोठ्या रेस गेल्या तर प्रेक्षकांचं फक्त तिकीट बुडतं. ज्युनिअर सिरीज गेली तर पोरांचं वय बुडतं. पंधरावं वर्ष दोनदा येत नाही. आज बारा वर्षांच्या मुलाला २०२३ च्या उद्घाटनाचा काही उपयोग नाही. त्याला तीन वर्षांनी ती पायरी जागेवर हवी.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे रोज बघतो. रिलीजच्या दिवशी केक कापायला सगळे हजर, आणि सहा महिन्यांनी बग आला की ते कोड कुणाचं, हेच कुणाला माहीत नसतं.

आता आपल्या भागाचं बघू. २०२५ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रोडवर स्ट्रीट रेस घेण्याची घोषणा झाली, तेव्हा ठाणे-डोंबिवलीतल्या पोरांनी स्टेटस भरून टाकले. मीही खूश झालो. पण स्ट्रीट रेस म्हणजे एका वीकेंडची जत्रा. रस्ता सोमवारी परत बसना द्यावा लागतो. सराव तिथे होत नाही. सरावासाठी कायमचा ट्रॅक लागतो, आणि तो आपल्याकडे नाही. मद्रासच्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर रेस घेत घेत आपला खेळ उभा केला. आपल्याकडे कल्याणजवळ नेवाळीलाही महायुद्धातली धावपट्टी होती. पण ती जमीन शेतकऱ्यांकडून घेतलेली, आणि २०१७ मध्ये त्यावरून केवढं आंदोलन पेटलं ते आपण पाहिलंय. तिथे ट्रॅक करा, असं मी म्हणणार नाही. ज्यांची जमीन गेली, त्यांचा हिशेब आधी. मी एवढंच म्हणतो की कल्याणच्या पोराला सरावासाठी दीड दिवस रेल्वेत बसून कोइंबतूर गाठावं लागतं, हे लक्षात ठेवून खर्च मांडा.

महाराष्ट्रात काहीच नाही असंही नाही. कोल्हापूरकडे बघा. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे ड्रायव्हर तिथलेच, कृष्णराज तर ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला. ट्रॅक घराजवळ असला की शाळा सुटल्यावर सराव होतो.

तर काकांना मी काय सांगितलं? म्हटलं, घरावर कर्ज आत्ता नको. तीन वर्षं राष्ट्रीय कार्टिंग नीट करू द्या, आणि तेवढ्या काळात फॉर्म्युला ४ वर नजर ठेवा. तीन गोष्टी बघा. पहिली, पुढच्या सीझनच्या तारखा आणि ट्रॅक वेळेत जाहीर होतात का, आणि त्या पाळल्या जातात का. दुसरी, पैसे भरल्यावर पोराला सरावाचे दिवस किती मिळतात, कारण पोर सरावात घडतं. तिसरी, गेल्या वर्षीचे भारतीय ड्रायव्हर आज कुठे आहेत. पुढच्या पायरीवर असतील तर शिडी चालू आहे. घरी बसले असतील तर थांबा.

आणि चौथी, जी काकूंनी विचारली: सुरक्षा. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या त्याच ट्रॅकवर मोटरसायकलच्या रेसमध्ये तेरा वर्षांचा मुलगा गेला. कार्बन फायबरचं कवच आणि हेलो असलेली गाडी बाइकपेक्षा खूप सुरक्षित असते, पण धोका शून्य कधीच नसतो. मार्शल, डॉक्टर, रुग्णवाहिका यांची शिकलेली फौज लागते, आणि ती दरवर्षी रेस होत राहिली तरच टिकते. म्हणजे गोष्ट फिरून तिथेच आली: सातत्य.

काका थोडे नाराज झाले. म्हणाले, "म्हणजे स्वप्न बघू नको?" म्हटलं, काका, स्वप्न पोराचं आहे, हप्ता तुमचा आहे. दोन्ही एकदम बुडायला नकोत.

आता तुमच्यासाठी, जे वीस-बावीसचे आहात आणि मनात म्हणताय की आपलं वय गेलं. ड्रायव्हिंगचं बहुधा गेलं, खरं आहे. पण एका ड्रायव्हरमागे मेकॅनिक, डेटा इंजिनिअर, टायरवाला, मार्शल अशी माणसं लागतात. कॉलेजात असाल तर फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये शिरा. मार्शलचं काम करून बघा, रेस कुंपणाच्या आतून दिसते. सिरीज टिकते ती अशा माणसांमुळे, जी उद्घाटनाच्या फोटोत नसतात आणि पुढच्या वर्षी परत येतात.

तुमच्या ओळखीत कुणी कार्टिंग करणारं पोर असेल, तर हा भाग त्याच्या आईवडिलांना पाठवा. आणि फॉर्म्युला ४ चा पुढचा सीझन आला की हिरो कोण, एवढंच बघू नका. यादीत गेल्या वर्षीची किती नावं परत आली आणि किती वर चढली, तेही मोजा. मी मोजणार आहे. भेटू पुढच्या भागात!