पिशवीचं वजन कोण करतं?

आम्ही गटांच्या समन्वयाचं काम करतो. एरवी आम्ही तुमच्याशी बोलतो ते कर्जाच्या हप्त्याबद्दल, नाहीतर बँकेच्या कागदांबद्दल. आजचा विषय वेगळा आहे. तो तुमच्या खांद्याला लटकलेला असतो आणि आपलं तिकडे लक्षच जात नाही. आज आपण पिशवीबद्दल बोलू. पर्स म्हणा, थैली म्हणा, गटाच्या दप्तराची पिशवी म्हणा.

कापसाच्या दिवसांत आपण वेचणीला जातो. संध्याकाळी बांधावर काटा लागतो. आपण वेचलेला कापूस किलोवर मोजला जातो, कारण मजुरी किलोवर मिळते. काट्यात थोडा फरक वाटला तरी आपण बोलतो, पुन्हा लावायला सांगतो. बरोबरच आहे ते. पण बाजारातून घरी येताना दोन्ही हातांत जे ओझं असतं, ते कधी कुणी काट्याला लावलं का? त्याची मजुरी नाही, म्हणून त्याचं मापही नाही. आणि माप नाही म्हणून रात्री खांदा दुखला तर आपणच म्हणतो, “असंच असतं, वय झालं.” तिशीतली बाईसुद्धा असंच म्हणते.

म्हणून आमच्या एका गटाच्या बैठकीत आम्ही कापसाचाच लटकता काटा आणला आणि आलेल्या प्रत्येकीची पिशवी त्याला अडकवली. आधी हसू आलं, मग सगळ्या गप्प झाल्या. नुसती रोजची पर्स, पण तीन किलोच्या आत फार थोड्या भरल्या. गटाच्या सचिव ताईंची पिशवी सात किलोच्या वर गेली. ताईंचं स्वतःचं वजन चव्वेचाळीस किलो. ही पिशवी घेऊन त्या वस्तीवरून चालत फाट्यावर येतात, एसटी धरतात आणि पाथरीला बँकेत जातात. काम झालं की पुन्हा तीच पिशवी घेऊन परत.

मग आम्ही पिशव्या उघडल्या. वजन कशाचं होतं? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बाटली वेगळी. दहा रुपयांची शंभर नाणी पाऊण किलोच्या वर जातात, आणि बचतीचे पैसे पुष्कळदा नाण्यांतच येतात. कर्जाची वही, बचतीची वही, सभेचं इतिवृत्त, बँकेची पुस्तकं, मागच्या वर्षीच्या भरलेल्या वह्या. मालकांच्या बीपीच्या गोळ्या. लेकराचा डबा. सासूबाईंचा चष्मा दुरुस्तीला न्यायचा होता तो. शेजारणीने सांगितलेला दोन किलो साबण. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि त्यांच्या झेरॉक्सची जाडजूड फाईल. त्या पिशवीत ताईंचं स्वतःचं काय होतं? एक मोबाईल, एक रुमाल आणि एक कंगवा. म्हणजे पिशवी तिची, पण ओझं सगळ्या घराचं आणि सगळ्या गटाचं.

आता लेकरांच्या दप्तराचं बघा. शाळेचं दप्तर लेकराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावं, असा निर्णय आपल्या राज्य सरकारने २०१५ साली काढला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही पहिली ते दहावीसाठी हाच दहावा हिस्सा सांगितला आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात ३४ वं कलम होतं. इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये, असं ते सांगायचं. घरच्या आणि गटाच्या पिशवीला असा कुठलाच नियम नाही. मग आपला नियम आपणच करू. लेकरांचाच दहावा हिस्सा आपल्यालाही लावू. वजन पन्नास किलो असेल तर रोजची पिशवी पाच किलोच्या आत. चव्वेचाळीस असेल तर चार किलो चारशे ग्रॅमच्या आत. याहून कमी असेल तर चांगलंच.

एका खांद्यावर जड पिशवी घेतली की शरीर काय करतं, ते घरी आरशासमोर उभं राहून बघा. पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा आपोआप वर उचलला जातो. तोल जाऊ नये म्हणून कंबर दुसऱ्या बाजूला कलते. मान तिरकी होते. खांदा ते मान या भागातला स्नायू सतत आखडून राहतो. घटकाभर चालेल, पण रोजचे दोन-दोन तास आणि अशी दहा वर्षं गेली, तर तो स्नायू आखडलेलाच राहायला लागतो. मग मान दुखते, डोकं दुखतं, आणि आपण बाम चोळत बसतो.

यावरचा उपाय आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातच आहे. तीन जुन्या वस्तू आठवा.

पहिली चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात. ती वजन कमी करत नाही. हंड्याचा भार एका जागी रुतण्याऐवजी ती पसरवून देते. पिशवीच्या पट्ट्याचंही तसंच. पट्टा एका बोटाएवढा असेल तर तो खांद्यात रुततो. तोच तीन बोटं रुंद केला तर तेवढंच वजन तिप्पट जागेवर पसरतं आणि दाब एक तृतीयांश होतो. म्हणून पट्टा रुंद हवा. जुन्या जीन्सची पँट असेल तर तिच्या कापडाचा दुहेरी पट्टा शिवा, आत गोधडीसारखा एक थर घाला. जिथे पट्टा पिशवीला जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुली, अशी शिवण मारा, म्हणजे उसवत नाही.

दुसरी कावड. कावडीला दोन्ही बाजूंना सारखा भार असतो, म्हणून माणूस तिरका होत नाही. बाजारातून येताना दहा किलो एका हातात घेण्यापेक्षा पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या दोन हातांत घ्या. पाठीवरची सॅक चालत असेल तर ती सगळ्यांत बरी, पण दोन्ही पट्टे घालायचे. एकच पट्टा खांद्यावर टाकला तर सॅकचा उपयोग नाही. साडीवर सॅक कशी दिसेल, असं काही जणी विचारतात. आशाताई साडीवर सॅक घालून वाडी-वस्तीवर फिरताना आपण बघतोच की. कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या. सॅक नको असेल तर पट्टा गळ्यातून तिरपा घ्या, म्हणजे खांदा उचलून धरावा लागत नाही. आणि थोड्या थोड्या वेळाने बाजू बदला.

तिसरी ओटी. कापूस वेचताना आपण ओटी कमरेला बांधतो. वजन अंगाला चिकटून आणि कमरेवर असतं, म्हणून तासन् तास वेचणी जमते. हीच ओटी हातभर लांब धरून वेचायची म्हटलं तर जमेल का? वजन अंगापासून जितकं लांब, तितकी ओढ जास्त. पिशवीचा पट्टा इतका लांब नको की ती गुडघ्याला आपटेल. कमरेच्या जवळ राहील एवढाच ठेवा. जड वस्तू पिशवीत तळाशी आणि अंगाच्या बाजूला ठेवा, हलक्या बाहेरच्या बाजूला.

डोक्यावरच्या ओझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो. केनिया देशातल्या लुओ बायकांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तो १९८६ साली ‘नेचर’ नावाच्या नियतकालिकात छापून आला. सवय असलेल्या या बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर घेऊन चालल्या, तरी त्यांना चालायला जास्तीची शक्ती लागली नाही. म्हणजे डोक्यावर ओझं घेणं अडाणीपणाचं नाही, त्यात कसब आहे. पण शक्ती लागत नाही म्हणजे मानेवर भार येत नाही, असं नव्हे. मान दुखत असेल, चक्कर येत असेल, वाट दगडधोंड्यांची किंवा चिखलाची असेल, तर डोक्यावर घेऊ नका.

आता उचलायचं कसं? कमरेतून वाकून पिशवी ओढू नका. पिशवीच्या जवळ जा, गुडघ्यात वाका, पिशवी अंगाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. उचलता उचलता कमरेत वळू नका. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आपण मानवतला जातो, परभणीला जातो, माजलगावला जातो. एसटीत चढताना खांद्यावर पिशवी, कडेवर लेकरू आणि एका हाताने दांडा, असं करू नका. पिशवी आधी आत ठेवा किंवा कुणाकडे द्या, मग दांडा धरून चढा. जागा मिळाली की पिशवी खांद्यावरून काढून पायांमध्ये ठेवा. उभं राहावं लागलं तरी ती खालीच ठेवा.

पर्स विकत घेताना आधी रिकामी उचलून बघा. मोठी बक्कलं, साखळ्या, जाड रेक्झीन यांनी ती रिकामीच जड होते. जास्त मोठी पर्सही घेऊ नका. जागा असली की ती भरतेच, हे आपल्या घरातल्या फडताळावरून आपल्याला ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा पर्स चटईवर पूर्ण रिकामी करा. जुनी बिलं, संपलेली पेनं, तुटक्या क्लिपा काढा. कागदपत्रांच्या मूळ प्रती घरी कोरड्या डब्यात राहू द्या. ज्या कामाला जायचं त्याच कामाचे कागद बरोबर घ्या. नाणी साठवू नका, गावातल्या दुकानदाराला सुट्टे हवेच असतात, त्यांच्याकडून नोटा घ्या. पाणी मात्र कमी करू नका. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात पाण्याची बाटली हवीच. कमी करायचं ते दुसरं काहीतरी करा.

आता त्या सचिव ताईंकडे येऊ. खांद्याच्या दुखण्याने त्या इतक्या बेजार झाल्या होत्या की सचिवपद सोडायचं म्हणत होत्या. गटात नीट लिहिता येणाऱ्या त्याच होत्या. त्या गेल्या असत्या तर वह्या बाहेरच्या कुणाकडे द्याव्या लागल्या असत्या, आणि वह्या बाहेर गेल्या की हिशोबही बाहेर जातो. गटाने बसून विचार केला. भरलेल्या जुन्या वह्यांसाठी कुलपाची पेटी घेतली, ती अध्यक्षांच्या घरी ठेवली. बँकेत जाताना फक्त लागतील तेवढ्याच वह्या न्यायच्या ठरल्या. बरोबर दुसरी एक सदस्य पाळीपाळीने जाते आणि अर्धं सामान ती घेते. यात आणखी एक झालं. पाळीने जाणाऱ्या दोघी बँकेची स्लिप भरायला शिकल्या. ताईंची पिशवी आता चार किलोची आहे आणि त्या अजून सचिव आहेत.

घरातही असंच बोलावं लागेल. बाजाराची एक पिशवी मालकांच्या हातात द्या, एक लेकाच्या. लेक मोटारसायकलवर मोकळा आणि माय दोन पिशव्या घेऊन पायी, हे चित्र बदलायला कायदा लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या दुकानात जाऊन काही आणायचंही कारण नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. शेतकरी बायकांचे कष्ट कमी कसे होतील, यावर तिथे संशोधन होतं. गटाची सहल काढायची असेल तर तिकडे काढा. आणि आपल्यातल्या ज्या गट कापडी पिशव्या शिवून विकतात, त्यांना आमची विनंती आहे. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला मागणी आहे. तुमच्या पिशवीचे बंद रुंद करा. बाई एकदा ती खांद्याला लावून बघेल आणि तुमचीच मागेल.

शेवटी तब्येतीचं. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर जड उचलू नका. यात लाजायचं काही नाही, घरात स्पष्ट सांगा. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, हातातून भांडं सुटत असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, तर बाम चोळत बसू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. छातीत दुखून ते डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, घाम सुटला, तर ते पिशवीचं दुखणं समजू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला बचतीबरोबर एक लटकता काटाही आणा. हादगाव असो, लिंबा असो, बाभळगाव असो की कासापुरी, प्रत्येक गटाने आपापल्या पिशव्या मोजा. आकडा वहीत लिहा, तारीख टाका. महिन्याने पुन्हा मोजा. किती उतरलं आणि कुणी वाटून घेतलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमचे आकडे वाचून दाखवू. नमस्कार.