उतारवयातील हाडे आणि भाराचा व्यायाम

हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड झिजवणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे घडवणाऱ्या पेशी जन्मभर कामावर असतात. तिशीच्या आसपास हाडांची घनता सर्वाधिक असते. पुढे झीज वरचढ होत जाते. रजोनिवृत्तीनंतरची काही वर्षे तर ती फार झपाट्याने होते. भर कुठे घालायची, हे मात्र हाडावर पडणारा भार ठरवतो. जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे सूत्र मांडले. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, ते यामुळेच.

सवयीच्या भाराची हाड दखल घेत नाही. सकाळचे फिरणे हृदयाला आणि मनाला उत्तम, पण त्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही. पोहण्याचेही तसेच, तिथे अंगाचा भार पाणीच पेलते. जोर-बैठकांच्या महाराष्ट्रात निवृत्तीनंतरचा व्यायाम म्हणजे केवळ फेरफटका असे समीकरण रूढ व्हावे, हे नवलच.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी हाडांची घनता कमी असलेल्या, सरासरी पासष्ट वर्षे वयाच्या १०१ स्त्रियांवर प्रयोग केला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजने उचलली: जमिनीवरून दांडी उचलणे, खांद्यावर वजन घेऊन बैठका, वजन डोक्यावर नेणे आणि जोडीला उडी मारून पायांवर दणकून उतरणे. वजन हळूहळू वाढवत नेले होते. दुसऱ्या गटाने घरीच हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. दुखापत म्हणावी अशी एकच, पाठीत भरलेली किरकोळ उसण. हे श्रेय देखरेखीचेही आहे. पुस्तक पाहून एकट्याने असली वजने उचलू नयेत.

खुब्याचे हाड मोडते ते बहुतेकदा पडल्यामुळे. त्यामुळे तोल सांभाळण्याचा सराव घनतेइतकाच महत्त्वाचा ठरतो: कठड्याजवळ एका पायावर उभे राहणे, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे. तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे.

सर्वच व्यायाम मणक्यांना मानवत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात मणके ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास छोटा, पण पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कारातील पादहस्तासन नित्य करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा असा. मणका आधीच दबलेला असेल, तर उड्या आणि जड वजनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेनुसार औषधे यांची जागा व्यायाम घेत नाही. आणि व्यायाम सोडला, की कमावलेली घनता पुन्हा ओसरू लागते.