सोन्याचा लाल रंग आणि रोगनिदान



इंदूरच्या सराफ्यात पिवळे दिसणारे सोने पाण्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरले, तर माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी 1857 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या रंगाचे मूळ कणांच्या लहानपणात असल्याचे मांडले. वीस-तीस नॅनोमीटरच्या कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशासवे एकत्र हिंदकळतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. उरतो तो लाल.

हा रंग उजेडात विटत नाही, म्हणून तो खुणेसाठी उत्तम. गर्भधारणेच्या चाचणीपट्टीवरील लाल रेघ पुष्कळदा या कणांचीच असते. कणाला चिकटवलेले प्रतिपिंड नमुन्यातील इष्ट रेणूला धरते आणि रेघेवरचे दुसरे प्रतिपिंड त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने पकडते. रेणू डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यावर स्वार झालेले कण एकवटले की दिसतात. परंतु रेणूच थोडे असले, तर रेघ इतकी फिकी उमटते की ती नाहीच म्हणावे. तेथे छायाचित्रकारांची जुनी विद्या कामी येते. चांदीच्या क्षारातील चांदी सोन्याच्या कणाभोवती साचू दिली, की कण फुगतो आणि रेघ गडद होते.

फ्युजिफिल्म या फोटोफिल्मच्या कंपनीने हीच युक्ती क्षयाच्या चाचणीत वापरली, यात मला नवल वाटत नाही. क्षयजंतूच्या आवरणातील लायपोअराबिनोमॅनन हा घटक रुग्णाच्या लघवीत उतरतो, तो ही पट्टी शोधते. दक्षिण आफ्रिकेत रुग्णालयात दाखल असलेल्या एचआयव्हीबाधितांच्या नमुन्यांवरील अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. जुन्या पट्टीने शंभरातील सुमारे 42 क्षयरोगी ओळखले, नव्या पट्टीने 70. श्रेय एकट्या चांदीचे नव्हे. प्रतिपिंडेही अधिक नेमकी होती. पण अशा रुग्णांतील कित्येकांना तपासणीपुरती थुंकीही काढवत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या 28 जणांचे मोल कळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चांदी भलत्या जागी अडकलेल्या कणालाही तितक्याच उदारपणे गडद करते. त्याच अभ्यासात, जंतुपरीक्षेच्या कसोटीवर, निरोग्यास निरोगी म्हणण्याचे प्रमाण 95 टक्क्यांवरून 91 च्या आसपास आले. यातला काही दोष कसोटीचाही असेल, कारण जंतू हाती लागले नाहीत म्हणजे क्षय नाहीच, असे नव्हे. म्हणून नवी पट्टी कोणी पुढे केली, की मी प्रथम एवढेच विचारतो: कोऱ्या नमुन्यावर ती काय दाखवते?