हिंवातली घाटवाट



बर्फावरून गाडी नेण्यात काही औरच मजा आहे, असं थंड मुलखातले लोक सांगतात. आम्हा नंदुरबारकरांना ती कशी कळावी? मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि बर्फ भेटतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही आज मी पांढऱ्या पडलेल्या वाटेबद्दलच बोलणार आहे, कारण तशी वाट आमच्याही जिल्ह्यात आहे.

अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत मोलगीच्या बाजूला डाब आणि वालंबा ही गावं आहेत. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की तिथे रात्रीचं दव गोठतं. सकाळी गवतावर, चाऱ्याच्या गंजीवर, अंगणात उभ्या केलेल्या गाडीच्या टपावर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. हा बर्फ आभाळातून पडत नाही. आभाळ स्वच्छ असलं आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. थंड हवा जड होते, उतारावरून ओघळते आणि सखल जागी साचते. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तापमापक दोन-तीन अंश दाखवत असतो, तेव्हा खाली गवताचं पातं शून्याच्याही खाली गेलेलं असतं.

शब्दांशी रोजचा व्यवहार म्हणून सांगतो. बर्फ हा शब्द फारसीतून आला, हिम संस्कृतातला. त्या हिमाचंच बोलण्यात हिंव झालं. हिवाळ्यात ते आहे आणि हिवतापातही आहे. आमच्या घरच्या उर्दूत या गोठलेल्या दवाला ‘पाला’ म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या पोराला पाल्यावर पाला पडतो याची मोठी गंमत वाटायची.

तर ही गंमत बघायला पहाटे निघावं लागतं. हातोडा पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा मागे टाकायचं, अक्कलकुव्याहून देवगोईच्या घाटाला लागायचं. अंधार असतो, धुकं असतं. मोठा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिप्परवरच चालायचं. वळणावळणाला हॉर्न द्यायचा. काच जरा खाली केली की गार वारा कानाला चावतो. डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं, त्यामुळे रस्ता सहसा पांढरा होत नाही; पण दवाने निसरडा होतो आणि कडेचं गवत हेडलाइटमध्ये चमकत राहतं. छातीत धडधडतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपण अजून जिवंत आहोत हे त्या धडधडीतून नीट कळतं. मग उजाडतं, डोंगरामागून डोंगर दिसू लागतात आणि ऊन आलं की तासाभरात सगळं पांढरं विरघळून जातं.

एकदा मोलगीच्या एका काळीपिवळीवाल्याशेजारी बसून हे सारं मी मोठ्या उत्साहाने बोलत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, “चाचा, तुम्ही वर्षातून एकदा येता. मला रोज दोन फेऱ्या आहेत. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. मजा घरी गेल्यावर.”

त्याचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. डाबकडच्या डोंगरात अलीकडे स्ट्रॉबेरी पिकते. आम्ही ज्या पांढऱ्या थराचे फोटो काढतो, त्या थराखाली पानांच्या पेशींतलं पाणी गोठतं आणि पीक करपतं. शेतकरी शेताच्या बांधावर शेकोट्या पेटवून रात्र काढतो. आणि घाटाचं म्हणाल, तर जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरातल्या घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळली, माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पावसाने चांदसैलीच्या घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि तो पायी निघाला. दवाखाना यायच्या आत तिने प्राण सोडला.

हिमालयात लाहौलचं खोरं पूर्वी दर हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्‌महिने तुटायचं. रोहतांगवर टायरला साखळ्या बांधून जाण्याचा थरार पर्यटक सांगायचे. तिथल्या बाळंतिणीला त्या थराराचं काय? ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि ते खोरं बाराही महिने जोडलं गेलं. आमच्या सातपुड्यातले कित्येक पाडे पावसाळ्यात असेच तुटतात. आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्यांच्यासाठी बोगदा नको. पावसात टिकणारा रस्ता, संरक्षक कठडे आणि दरड वेळेवर उचलणारं यंत्र, एवढं पुरे आहे.

याचा अर्थ तिकडे जाऊ नका असा नाही. जरूर जा. पोरांना गोठलेलं दव हातात घेऊन बघू द्या, हिंव या शब्दाचा अर्थ बोटांना कळू द्या. मोलगीच्या बाजारातून भगर घ्या, आमचूर घ्या. मात्र गाडी सावकाश हाका आणि गंजीवर चढून फोटो काढू नका. तो कुणाच्या तरी जनावराचा वर्षभराचा चारा आहे. आणि परत आल्यावर घाट किती सुंदर आहे हे जसं चारचौघांत सांगाल, तसं त्याला कठडा कुठे कुठे नाही हेही सांगा. शहरातून गेलेल्या माणसाचं बोलणं कधी कधी लवकर ऐकलं जातं.