मुंबई ते दिल्ली: अंतर कमी, वेळ जास्त

मुंबई आणि दिल्ली यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. रेल्वेने तेच जवळपास १,३८४ किलोमीटर भरते. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने दीड तास पुरायला हवा. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ धरलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा हा वेळ असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणाची रांग, चढता-उतरतानाचा कमी वेग आणि गर्दीच्या वेळी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या त्यात आल्या. लांबच्या पूर्व-पश्चिम मार्गांवर वाराही महत्त्वाचा ठरतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमी वारे जोरात वाहतात, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना परतीपेक्षा कमी वेळ लागतो.